एका पेढीचे दोन कारभारी

१९९४ च्या नाताळात अमेरिकेतल्या एखाद्या मुलाकडे सेगा कंपनीचं सगळं सामान असेल, तर त्याच्या टीव्हीपुढे तीन मजली मनोरा उभा असायचा. तळाला ‘सेगा सीडी’, तिला जोडलेलं ‘जेनेसिस’ हे मूळ यंत्र, आणि जेनेसिसच्या ज्या खाचेत एरवी कॅसेट बसवायची त्या खाचेत दाबून बसवलेलं फुगीर, काळं ‘३२-एक्स’. तिन्हींना तीन वेगळे अडॅप्टर, म्हणजे भिंतीत तीन प्लग हवेत. ३२-एक्स लावण्याआधी खाचेत धातूच्या पट्ट्या सरकवायच्या, मग जेनेसिसच्या पाठीमागून एक आखूड वायर काढून ३२-एक्समध्ये खोचायची आणि तिथून दुसरी वायर टीव्हीकडे न्यायची. सेगा सीडी बाजारात आली तेव्हा तिची किंमत ३०० डॉलरला एक कमी होती, ३२-एक्सची १६० डॉलर. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

हे ३२-एक्स अमेरिकेतल्या दुकानांत पोचलं त्याच आठवड्यात, २२ नोव्हेंबर १९९४ ला, सेगानेच जपानमध्ये त्याचा बाजार उठवणारं नवं यंत्र विक्रीला काढलं. त्याचं नाव सॅटर्न. त्यावर जेनेसिसच्या कॅसेट चालत नव्हत्या आणि ३२-एक्सच्याही नाहीत.

सेगा व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या धंद्यातून कशी उठली, ही गोष्ट सहसा मे १९९५ मधल्या लॉस एंजेलिसच्या एका प्रसंगापासून सांगितली जाते. प्रसंग नाट्यमय आहे, तो पुढे येईलच. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्याकडे असलेली सेगाची पत माझ्या मते तिथे संपली नाही. ती या मनोऱ्यात आधीच बरीचशी खर्ची पडली होती. आणि असा मनोरा उभा राहू शकला, कारण पेढी एक होती आणि कारभारी दोन.

सेगाचं मूळ गंमतीचं आहे. नाव आलं ‘सर्व्हिस गेम्स’वरून, अमेरिकी लष्करी तळांवर नाणं टाकून चालणारी करमणुकीची यंत्रं पुरवणारा हा धंदा. जपानमध्ये स्थिरावलेल्या डेव्हिड रोझेन या अमेरिकी व्यापाऱ्याच्या कंपनीशी तो १९६५ मध्ये जुळला आणि सेगा एंटरप्रायझेस उभी राहिली. पुढे मालकी फिरत फिरत १९८४ मध्ये इसाओ ओकावा यांच्या सीएसके या जपानी उद्योगाकडे आली. टोकियोच्या हानेदा भागातल्या मुख्य कचेरीत अध्यक्ष म्हणून बसले हायाओ नाकायामा. नाकायामा कडक स्वभावाचे, झटपट निर्णय घेणारे, आणि आर्केडच्या, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या खेळांच्या, धंद्यात मुरलेले.

आर्केडमध्ये सेगाचा दरारा होता. घरगुती यंत्रांत मात्र निन्टेन्डोपुढे तिचं काही चालत नव्हतं. १९८८ मध्ये आणलेलं १६-बिटचं ‘मेगा ड्राइव्ह’ जपानमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेलंच नाही. तेच यंत्र अमेरिकेत ‘जेनेसिस’ नावाने गेलं. तिथे निन्टेन्डोचा कब्जा इतका पक्का होता की व्हिडिओ गेमला लोक सर्रास ‘निन्टेन्डो’च म्हणत.

१९९० मध्ये नाकायामांनी टॉम कॅलिन्स्के यांना गाठलं. हा गृहस्थ मॅटेल कंपनीत बार्बी आणि ही-मॅन विकून नावारूपाला आलेला. कॅलिन्स्के सांगतात त्याप्रमाणे, ते हवाईच्या समुद्रकिनारी कुटुंबासोबत सुट्टीवर असताना नाकायामा तिथे येऊन थडकले. अमेरिकेतल्या कारभाराची सूत्रं हाती आल्यावर कॅलिन्स्के टोकियोच्या संचालक मंडळापुढे आपला बेत घेऊन गेले. किंमत उतरवायची. यंत्रासोबत मिळणारा जुना गेम काढून त्या जागी नवाकोरा ‘सॉनिक’ फुकट द्यायचा. अमेरिकी मुलांसाठी अमेरिकेतच गेम बनवायचे. आणि जाहिरातीत निन्टेन्डोची उघड टर उडवायची. संचालकांना यातलं काहीच पटलं नाही. आपला सर्वांत चांगला गेम फुकट वाटायचा, ही कल्पनाच त्यांना वेडेपणाची वाटली. नाकायामा उठून निघाले आणि दारातून वळून म्हणाले की, तुला अमेरिकेसाठी निर्णय घ्यायला नेमलंय, तेव्हा कर तुला हवं ते.

त्या एका वाक्यावर सेगाची पुढची तीन वर्षं सोन्याची झाली. जून १९९१ मध्ये सॉनिक आला, जेनेसिसची किंमत १८९ डॉलरवरून १४९ वर आली, आणि अमेरिकेच्या १६-बिट बाजारात सेगाने काही काळ निन्टेन्डोला चक्क मागे टाकलं. जी कंपनी आपल्याच देशात तिसरी, ती परमुलखात पहिली. इथेच भाऊबंदकीचं बी पडलं. कॅलिन्स्के पुढे सांगत की नाकायामा टोकियोतल्या बैठकांत आपल्याच अधिकाऱ्यांना फैलावर घ्यायचे: अमेरिकेतल्यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही? हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलेल्या माणसांना कॅलिफोर्नियातल्या अमेरिकी कचेरीबद्दल काय वाटत असेल, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

एक मात्र ध्यानात ठेवलं पाहिजे. या काळाची इंग्रजीत आलेली बहुतेक हकिकत अमेरिकी कचेरीतल्या माणसांनी सांगितलेली आहे. त्यात शहाणे नेहमी कॅलिफोर्नियात असतात आणि हट्टी टोकियोत. ३२-एक्सच्या बाबतीत तरी हे पुरतं खरं नाही.

जानेवारी १९९४. लास व्हेगासमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. नाकायामांना अटारीच्या ‘जॅग्वार’ या नव्या यंत्राची धास्ती वाटत होती. सॅटर्न यायला अवकाश होता. मधल्या काळात काहीतरी हवं, आणि ते वर्षअखेरीच्या आत हवं. त्यांचा फोन हॉटेलच्या खोलीत अमेरिकी कचेरीतल्या तंत्रज्ञांना आला. टोकियोच्या मनात होतं रंग वाढवलेलं, थोडं सुधारलेलं नवं जेनेसिस. अमेरिकेतले तंत्रप्रमुख जो मिलर यांना ही कल्पना कच्ची वाटली. नवं यंत्र कशाला, लोकांच्या घरी लाखो जेनेसिस आहेत, त्यांनाच जोडता येईल असं पुरवणी यंत्र काढू, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे घाई टोकियोची आणि तोडगा कॅलिफोर्नियाचा. दोघांनी मिळून जे घडवलं ते एकट्याने कुणीही घडवलं नसतं.

ज्या जॅग्वारच्या भीतीने हे सगळं झालं, ते जॅग्वार स्वतःच बाजारात साफ पडलं.

३२-एक्सच्या पोटात हिताची कंपनीचे दोन प्रोसेसर होते, अगदी सॅटर्नमध्ये होते त्याच जातीचे. पण गेम बनवायला वेळ दिला होता जेमतेम काही महिन्यांचा. त्या काळचा गाजलेला ‘डूम’ यावर आणला तो चौकटीत आक्रसून. पडद्याच्या कडा रिकाम्या आणि मूळ गेममधले कितीतरी टप्पे गायब. बाहेरच्या गेम कंपन्यांनी साधा हिशेब केला: सहा-आठ महिन्यांत सॅटर्न येणार असेल तर या पुरवणीसाठी पैसा कोण घालेल? यावर सगळे मिळून चाळीसच्या आसपास गेम निघाले. १६० डॉलरचं यंत्र शेवटी दुकानदारांनी २० डॉलरला विकून टाकलं.

दुकानदारांचं दुखणं समजायला थोडं मागे जावं लागेल. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोत आलामोगोर्डो इथे जमिनीत पुरला, आणि खेळण्यांच्या दुकानांत व्हिडिओ गेम हा शब्द काढायची सोय उरली नाही. त्या दुकानदारांचा विश्वास निन्टेन्डोने आणि मागोमाग सेगाने कष्टाने परत मिळवला होता. आता २० डॉलरच्या ढिगाऱ्यात पडलेली ३२-एक्सची खोकी पाहून जुन्या जखमेवरची खपली निघाली.

तिकडे टोकियोत सॅटर्नचं काम चालू असतानाच सोनीच्या प्लेस्टेशनची वार्ता आली होती. सॅटर्नचा मूळ आराखडा सपाट, द्विमित चित्रांत बलवान होता. प्लेस्टेशन त्रिमित चित्रांसाठीच घडवलेलं. तेव्हा सॅटर्नमध्ये आणखी एक प्रोसेसर बसवला. आता आत दोन मुख्य प्रोसेसर, चित्रांसाठी दोन वेगळ्या चिप, आवाजासाठी निराळ्या, असे एकूण आठ प्रोसेसर झाले. बाकीचं जग त्रिकोण जोडून त्रिमित आकृती बनवत होतं. सॅटर्न चौकोनांवर चाले. दोन्ही मुख्य प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावणं ही मोठी कसरत होती. सेगाचे सर्वांत नावाजलेले गेमकार यू सुझुकी यांनीच तेव्हा बोलून दाखवलं होतं की, या यंत्रातून पूर्ण वेग काढू शकेल असा प्रोग्रामर शंभरात एखादाच.

तरीही जपानमध्ये सॅटर्न धडाक्यात सुरू झालं. सोबत ‘व्हर्च्युआ फायटर’ होता, आणि आर्केडमधला हा खेळ घरी खेळायला मिळतोय म्हटल्यावर पहिल्याच दिवशी सुमारे दोन लाख यंत्रं संपली. टोकियोला वाटलं, जमलं. आपल्या मुलखात इतकी वर्षं न मिळालेलं यश एकदाचं दिसलं. त्या आनंदात अमेरिकेकडे पाहण्याची नजरच बदलली.

अमेरिकेत सॅटर्न येणार होतं शनिवारी, २ सप्टेंबर १९९५ ला. तशी जाहिरातही झाली होती. सोनीचं प्लेस्टेशन ९ सप्टेंबरला यायचं होतं. नाकायामांचा आग्रह होता की आठवडाभराची आघाडी पुरेशी नाही, कित्येक महिने आधी उतरायचं. कॅलिन्स्के यांचा विरोध होता. माल पुरेसा नाही, गेम तयार नाहीत. या वेळी दारातून वळून कुणी ‘कर तुला हवं ते’ म्हणालं नाही.

११ मे १९९५ ला लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं. कॅलिन्स्के मंचावर आले, सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर सांगितली आणि मग जाहीर केलं की यंत्र सप्टेंबरात येणार नाही, ते आत्ताच दुकानांत पोचलंय. देशभरात सुमारे तीस हजार यंत्रं, चार निवडक साखळ्यांच्या दुकानांत: टॉइज आर अस, बॅबेजेस, इलेक्ट्रॉनिक्स बुटीक आणि सॉफ्टवेअर इटीसी. बाकीच्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्यानंतर सोनीचं सत्र होतं. सोनीच्या त्या विभागाचे प्रमुख ओलाफ ओलाफसन (हे आइसलँडचे आणि कादंबरीकारही) यांनी भाषणाच्या ओघात आपले सहकारी स्टीव्ह रेस यांना छोटंसं निवेदन करायला बोलावलं. रेस माइकपाशी आले, म्हणाले “दोनशे नव्व्याण्णव”, आणि परत जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शंभर डॉलरचा फरक सांगायला यापेक्षा जास्त शब्द लागतच नव्हते.

सेगाने त्या एका सकाळी किती जणांना दुखावलं त्याची यादी मोठी आहे. वगळलेल्या दुकानांपैकी केबी टॉइज इतकी चिडली की तिने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. सप्टेंबरच्या मुहूर्तावर आपापले गेम आणण्याच्या तयारीत असलेल्या कंपन्या तोंडघशी पडल्या. पहिल्या दिवशी दुकानात होते फक्त सहा गेम, सगळे सेगाचेच. जाहिरातीची मोहीम तयार नव्हती. घाईत आणलेल्या ‘डेटोना यूएसए’मध्ये समोरचा रस्ता आणि डोंगर गाडी जवळ गेल्यावर अचानक उगवत, आणि आर्केडमधलं लोण्यासारखं चित्र इथे धक्के खात चाले. व्हर्च्युआ फायटरमधल्या आकृत्या इतक्या लुकलुकत की पुढे सेगाने नोंदणी केलेल्या ग्राहकांना त्याची सुधारलेली आवृत्ती फुकट पाठवली. ही भरपाई चांगलीच म्हणायची, पण ३९९ डॉलर मोजणाऱ्याला पहिला अनुभव काय आला ते तीतून पुसलं जात नाही.

सप्टेंबरात प्लेस्टेशन आलं आणि सॅटर्नने उन्हाळाभर जेवढं विकलं होतं त्यापेक्षा जास्त काही दिवसांत विकून गेलं. ऑक्टोबरात सॅटर्नही २९९ वर आलं, वरातीमागून घोडं.

तरी याहून मोठी चूक पुढेच होती, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. १९९५ मध्ये अमेरिकेत जुन्या १६-बिट यंत्रांचा खप अजून नव्या यंत्रांपेक्षा जास्त होता. जेनेसिस चालू दुभतं जनावर होतं. पण टोकियोच्या हिशेबात मेगा ड्राइव्ह म्हणजे जपानमध्ये हरलेलं यंत्र. नाकायामांनी हुकूम काढला की आता सगळी ताकद सॅटर्नवर. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते हेच. निन्टेन्डोने त्या काळात नव्या यंत्राची घाईच केली नाही. जुन्या सुपर निन्टेन्डोवर ‘डाँकी काँग कंट्री’सारखे गेम काढत शांतपणे गल्ला भरला.

स्थानिक माणसाच्या हाती कारभार दिला तर काय होतं, हे पाहायचं तर ब्राझीलकडे पाहावं. तिथे टेकटॉय या कंपनीने सेगाची जुनी यंत्रं आपल्या पद्धतीने, आपल्या किमतीला पुढे कित्येक वर्षं विकली. भारतात उलटं घडलं. सेगाने १९९५ मध्ये इथे मद्याच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला. ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी हा खटाटोप होता, तरीही मेगा ड्राइव्हची किंमत पडली १८,००० रुपये. तेवढ्यात त्या काळी मध्यमवर्गीय घरात रंगीत टीव्ही येत असे. आपल्याकडची मुलं निन्टेन्डोच्या तैवानी नकला टीव्हीला जोडून ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’च्या कॅसेट बदलत बसली होती, सेगाचं नाव पुष्कळांच्या कानावरही आलं नाही.

कॅलिन्स्के यांनी जुलै १९९६ मध्ये राजीनामा जाहीर केला. ते नंतर सांगत की, प्लेस्टेशनच्या आधी सोनीने सेगापुढे एकत्र यंत्र काढण्याचा प्रस्ताव ठेवला होता आणि टोकियोने तो धुडकावला. सिलिकॉन ग्राफिक्सची चिपही आधी सेगालाच देऊ केली होती, ती नाकारल्यावर निन्टेन्डोकडे गेली. ही एका बाजूची साक्ष आहे, पण निन्टेन्डो-६४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सचीच चिप होती हे खरं.

सॅटर्नच्या अख्ख्या अमेरिकी आयुष्यात सॉनिकचा एकही नवा मुख्य गेम आला नाही, यावर विश्वास बसत नाही. ‘सॉनिक एक्स-ट्रीम’ नावाचा गेम अमेरिकेत बनत होता. मार्च १९९६ मध्ये नाकायामा पाहायला आले, त्यांना एक भाग आवडला, एक नावडला, आणि सगळा गेम आवडलेल्या भागाच्या धर्तीवर बनवा असा हुकूम सोडून गेले. संघातली मुख्य माणसं कचेरीतच मुक्काम ठोकून राबली, दोघं गंभीर आजारी पडली, आणि वर्ष संपायच्या आत गेमच रद्द झाला.

जपानमध्ये मात्र पुढे सॅटर्नची जाहिरात करणारा एक ज्युदोपटू घराघरांत लाडका झाला. ‘सेगाता सान्शिरो’ या पात्राच्या रूपात अभिनेते हिरोशी फुजिओका सॅटर्न न खेळणाऱ्यांना पकडून आपटत. तिथे सॅटर्नने निन्टेन्डो-६४ ला मागे टाकलं. जगभरात सॅटर्न ९० लाखांहून थोडी जास्त खपली, त्यातली निम्म्याहून अधिक जपानमध्ये. प्लेस्टेशनने दहा कोटींचा आकडा ओलांडला. १९९७ मध्ये बंदाई या खेळणी बनवणाऱ्या जपानी कंपनीशी सेगाचं विलीनीकरण ठरलं आणि बंदाईच्या आतूनच विरोध झाल्याने चार महिन्यांत मोडलं. सेगाच्या अमेरिकी कचेरीत नव्याने आलेले बर्नी स्टोलर त्याच वर्षीच्या ई-थ्रीमध्ये सांगून बसले की सॅटर्न हे आमचं भविष्य नाही. जे दुकानदार अजून ते यंत्र विकत होते त्यांनी हे वाचलं तेव्हा काय केलं असेल?

पुढचं यंत्र करतानाही दोन कारभाऱ्यांची खोड गेली नाही. एक संघ अमेरिकेत, एक जपानमध्ये; दोन वेगळे आराखडे. अमेरिकी आराखड्यात थ्रीडीएफएक्सची चिप होती. त्या कंपनीने शेअर बाजारात उतरताना कागदपत्रांत सेगाशी झालेल्या कराराचा उल्लेख केला आणि गुपित फुटलं. सेगाने जपानी आराखडा घेतला, थ्रीडीएफएक्स कोर्टात गेली, नंतर तडजोड झाली. ‘मॅडन’ फुटबॉलमुळे जेनेसिसला अमेरिकेत बस्तान बसवायला मदत करणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी या वेळी आलीच नाही.

आणि गंमत अशी की यंत्र उत्तम झालं. ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत आलं, किंमत १९९ डॉलर, आत मोडेम बसवलेला, सोबत डझनभराहून जास्त गेम. पहिल्या चोवीस तासांत ९ कोटी ८० लाख डॉलरचा धंदा झाला. या मुहूर्ताची तयारी करणाऱ्या स्टोलर यांना महिनाभर आधीच घरी पाठवलं होतं, ही सेगाची रीत.

मग सोनीने प्लेस्टेशन-२ ची हवा केली. ते यंत्र अजून दुकानात नव्हतं, महाग होतं, पण डीव्हीडी लावायचं, आणि मुख्य म्हणजे त्यामागे शब्द पाळणारी कंपनी होती. २००० साली ड्रीमकास्टपुढे उभा राहिलेला विशीतला मुलगा बहुधा तोच होता, ज्याने सहा वर्षांपूर्वी बापाकडे हट्ट करून ३२-एक्स घेतलं होतं. तो थांबला. त्याच्यासारखे लाखो थांबले.

३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उरलेला साठा ९९ डॉलरला काढला. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा तोटा ५१.७ अब्ज येन होता. कंपनी दिवाळखोरीत गेली नाही ती ओकावांमुळे. कर्करोगाने आजारी असलेल्या या वृद्ध मालकाने कंपनीला दिलेलं खासगी कर्ज माफ केलं आणि स्वतःचे सेगा व सीएसकेचे सुमारे ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते वारले. ‘सॉनिक अॅडव्हेंचर-२’ त्या जूनमध्ये ड्रीमकास्टवर निघाला. डिसेंबर संपायच्या आत सेगाने तोच गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी विकायला काढला.